रोव्हर्स चषक आणि हैदराबादचे पोलीस

मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे एकाच संघाने जिंकला. हा संघ ना मुंबईचा, ना कलकत्त्याचा, ना लष्कराचा. तो हैदराबाद शहर पोलिसांचा होता. रोव्हर्स स्पर्धा शंभराहून अधिक वर्षे चालली, पण सलग पाच चषक दुसऱ्या कुणालाही जमले नाहीत. या संघातले बहुतेक खेळाडू मुसलमान होते आणि त्यांना घडवणारा माणूस होता शाळेतला एक मास्तर. ज्या शहरातून ते आले, तिथली राजवट दोनच वर्षांपूर्वी संपली होती.

रत्नागिरीतून निघणाऱ्या अंकात हैदराबादच्या फुटबॉलची हकीकत कशाला, असे कुणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. कोकणी मुसलमानाचे निम्मे आयुष्य मुंबईत गेले. बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे, गावजमातीच्या खोलीत वळकटी टाकायची आणि गोदीत नाहीतर आगबोटीवर काम शोधायचे, हे पिढ्यान् पिढ्या चालले. त्या मुंबईबद्दल आपण जे लिहिले त्यात मनीऑर्डर आहे, जहाज आहे, घरी वाट पाहणारी बायको आहे. पाळी संपल्यावर कूपरेजच्या कुंपणाला नाक लावून सामना पाहणारा माणूस मात्र त्यात जवळजवळ नाही. आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना आपण मशिदी, मदरसे, दर्गे आणि पुढारी यांच्याच मागे लागतो. खेळाला आपण इतिहास मानलेच नाही. शिवाय हैदराबाद संस्थानात औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे होते. मराठवाड्यातल्या आपल्या भावंडांच्या दृष्टीने हा संघ त्यांच्या राजधानीचा संघ होता.

आधी रोव्हर्सबद्दल थोडे सांगायला हवे. कूपरेज हे नाव पिंपांवरून पडले. लाकडी पिंपे बांधणाऱ्या कारागिराला इंग्रजीत कूपर म्हणतात. त्या जागेवर पुढे फुटबॉलचे मैदान झाले. रोव्हर्स स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली आणि पहिला चषक वुस्टरशायर रेजिमेंटच्या पलटणीने नेला. तेव्हापासून १९३६ पर्यंत चषकावर कोरलेली सगळी नावे गोऱ्या पलटणींची आहेत. १९२३ मध्ये कलकत्त्याचा मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोचला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्याला हरवले. मुंबईच्या लोकांनी ही स्पर्धा चाळीस-पंचेचाळीस वर्षे पाहिली ती गोरा गोऱ्याला कसा हरवतो एवढेच पाहण्यासाठी.

१९३७ मध्ये हे चक्र थांबले. त्या वर्षी अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना हिंदी संघ होते, आणि दोघांच्याही नावातच समाज होता: एक बंगलोर मुस्लिम्स, दुसरा कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग. बंगलोर जिंकला. पुढच्या वर्षी चषक पुन्हा त्यांच्याचकडे गेला. १९४० मध्ये हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि या वेळी मोहमेडन स्पोर्टिंगने बाजी मारली. त्याच वर्षी मोहमेडनने दिल्लीत रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला हरवून ड्युरँड चषकही घेतला. ड्युरँड जिंकणारा हा पहिला हिंदी संघ. त्याआधी १९३४ ते १९३८ सलग पाच वर्षे कलकत्त्याची लीग त्यांनी जिंकलेली होती.

त्या काळच्या मुसलमानांना या विजयांनी काय दिले असेल, हे आज समजणे अवघड नाही. ज्या समाजाला सतत मागासलेला म्हणून हिणवले जात होते, त्याची अकरा मुले गोऱ्या पलटणीला धूळ चारत होती. पण या आनंदाची दुसरी बाजूही सांगायला हवी. मुंबईतच क्रिकेटची पंचरंगी स्पर्धा हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि बाकीचे अशा धर्मवार संघांत खेळली जाई. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने हिंदू संघाला एका गड्याने हरवले तेव्हा के. सी. इब्राहिम नाबाद १३७ धावा काढून उभा होता. खेळ अप्रतिम होता. पण प्रेक्षक ज्या पद्धतीने वाटले गेले होते ती पद्धत त्या दशकात मैदानापुरती उरली नव्हती. गांधीजींनी १९४० मध्येच या धर्मवार संघांना नापसंती दर्शवली होती. १९४६ नंतर ती स्पर्धा बंद पडली, हे बरेच झाले असे आमचे मत आहे.

हैदराबादच्या संघाचे वेगळेपण इथे दिसते. त्याच्या नावात समाज नव्हता. त्याच्या नावात एक सरकारी खाते होते.

हैदराबाद शहरात फुटबॉलचे वेड जुने होते. सिकंदराबादच्या छावणीमुळे गोऱ्या पलटणींचा खेळ जवळून पाहायला मिळे. शहरात मोहल्ल्यांचे, शाळांचे, कॉलेजांचे संघ होते. या वातावरणात सय्यद अब्दुल रहीम वाढले. त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा. उस्मानिया विद्यापीठात शिकताना ते खेळले, नंतर काचीगुडा आणि इतर शाळांत शिक्षक झाले, शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन मुलांचा खेळ पाहू लागले. १९४३ च्या सुमारास हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिवपद त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी हैदराबादच्या पोलीस संघाने बंगलोरला जाऊन ॲश गोल्ड कप जिंकला. राज्याबाहेर या संघाचे नाव होण्याची ती सुरुवात.

रहीमसाहेबांना सगळे मास्तर म्हणून ओळखत, आणि त्यांच्या शिकवण्याची पद्धत खरोखर मास्तरची होती. वर्गात एखादा विषय पक्का करायचा तर शिक्षक त्याच विषयाची उजळणी घेतो. रहीमसाहेब उजळणीसाठी स्पर्धा भरवत. एका स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी: चेंडू आला की लगेच दुसऱ्याला द्यायचा, पायात घोळवायचा नाही. दुसऱ्या स्पर्धेत ज्याचा जो पाय कमजोर त्यानेच चेंडू मारायचा. तिसरी स्पर्धा फक्त चार फूट दहा इंचांच्या आतल्या मुलांसाठी. आज या गोष्टी ऐकताना गंमत वाटते, पण विचार केला तर प्रत्येक नियमामागे हिशेब दिसतो. आपल्याकडच्या पोराला चेंडू मिळाला की तो चार जणांना चकवायला निघतो आणि पाचव्याच्या पायात अडकतो. बंदी त्या हौसेवर होती. उजव्या पायाच्या खेळाडूला डावीकडे ढकलले की तो पांगळा होतो. दुसरा नियम त्यासाठी होता. आणि उंच, दांडगी मुले खेळात असली की लहान चणीच्या हुशार मुलाकडे चेंडू पोचतच नाही. त्या मुलाला त्याचे स्वतःचे मैदान मिळावे म्हणून उंचीची अट.

गोऱ्या पलटणींचा खेळ ताकदीचा. चेंडू उंच उडवायचा, मागे धावायचे, खांद्याला खांदा द्यायचा. कडकीत वाढलेल्या आपल्या मुलांनी त्यांची नक्कल केली असती तर प्रत्येक धक्क्याला ती आडवी झाली असती. रहीमसाहेबांनी चेंडू जमिनीवर आणला. आखूड पास, मोकळी जागा पाहून पळणे, चेंडूलाच पळवणे आणि स्वतःचा दम राखणे. मुलांचे शरीर बदलता येत नव्हते, म्हणून त्यांनी खेळ बदलला. यात देशभक्तीचे भाषण कुठेच नव्हते. दुबळ्या माणसाचा तो व्यवहारी विचार होता.

दुसरी गोष्ट नोकरीची. तेव्हा फुटबॉल हौशी खेळ होता, खेळाडूला पगार देण्याची सोय नव्हती. गरीब घरातल्या मुलाने दिवसभर खेळायचे तर खायचे काय? मुंबईत टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे यांच्या संघांनी हा प्रश्न नोकरी देऊन सोडवला होता. हैदराबादमध्ये तो पोलीस खात्याने सोडवला. मुलगा शिपाई म्हणून भरती व्हायचा, महिन्याचा पगार घरी जायचा आणि त्याचा मुख्य कामाचा भाग म्हणजे सराव. जगात इतरत्रही पोलिसांचे संघ होते. सोव्हिएत रशियातला डायनॅमो मॉस्को १९२३ मध्ये तिथल्या गुप्त पोलिसांच्या छत्राखाली उभा राहिला आणि पूर्व युरोपात त्याच नावाचे संघ पुढे गावोगाव निघाले. त्या संघांमागे सत्तेचा धाक होता. हैदराबादच्या संघामागे फार तर एक हजेरीपट होता आणि थोडीशी खाजगी हौस, कारण वरचे अधिकारी खेळावर जीव टाकणारे होते.

आता १९४८ चे पान उलटावे लागते, कारण ते टाळून पुढचे पाच चषक समजत नाहीत.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या आणि १७ तारखेला निजामाची राजवट शरण आली. मराठवाड्यात हा दिवस मुक्तिदिन म्हणून साजरा होतो, आणि होणे योग्यच आहे. रझाकारांनी गावागावांत जे केले ते विसरण्यासारखे नाही. पण त्या आठवड्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत साध्या मुसलमान माणसांवर जे गुदरले तेही इतिहासच आहे. पंडित नेहरूंनी चौकशीला पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा सावध अंदाज २७ ते ४० हजार असा दिला होता. तो अहवाल कितीतरी दशके दडून राहिला आणि २०१३ मध्ये वाचायला खुला झाला. आमच्या कोकणात या घटनेची झळ पोचली नाही, म्हणून आपण तिच्याविषयी कमी बोलतो. मराठवाड्यातल्या घरांमध्येही बोलणे कमीच होते, त्याचे कारण मात्र वेगळे आहे.

हैदराबादच्या मुसलमान तरुणासाठी या बदलाचा अर्थ रोजचा होता. दरबारी नोकऱ्या गेल्या, सरकारदरबारची उर्दू हळूहळू गेली, जहागिऱ्या खालसा झाल्या आणि त्यांच्यावर जगणारे नोकरचाकर, कारागीर उघडे पडले. बरीच कुटुंबे कराचीला निघून गेली. जे राहिले त्यांच्याकडे संशयाने पाहणारे डोळे कमी नव्हते. अशा वेळी पोलिसांचा संघ टिकला, तोच मास्तर त्याच मैदानावर सकाळी उभा राहिला, ही गोष्ट आम्हाला लहान वाटत नाही.

आणि १९५० उजाडले. त्या वर्षी हैदराबाद सिटी पोलिसांनी मुंबईत रोव्हर्स जिंकला. दुसऱ्या महायुद्धात बंद पडलेली ड्युरँड स्पर्धा त्याच वर्षी दिल्लीत पुन्हा सुरू झाली. तिथे अंतिम सामन्यात मोहन बागान समोर होता. पहिली लढत बरोबरीत सुटली, दुसऱ्या लढतीत पोलिसांनी चषक घेतला. देशातल्या दोन मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात हैदराबादच्या शिपायांनी नेल्या. प्रजासत्ताक होऊन अजून वर्षही झाले नव्हते.

मग १९५१, ५२, ५३, ५४. दरवर्षी मुंबईचे प्रेक्षक ठरवून यायचे की यंदा तरी हे हरतील, आणि दरवर्षी चषक दक्षिणेच्या गाडीत बसायचा. १९५४ मध्ये पुन्हा ड्युरँडही सोबत गेला. १९५७ मध्ये पुन्हा दोन्ही. संतोष चषक ही राज्यांची स्पर्धा. १९५६-५७ आणि १९५७-५८ मध्ये हैदराबादने ती जिंकली तेव्हा दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरलेला संघ मुंबईचा होता. मुंबईकरांनी या पराभवांचा राग धरल्याचे दिसत नाही. फुटबॉल कळणारा माणूस चांगल्या पासला दाद देतो, पास कुणी दिला हे नंतर विचारतो. आपल्या क्रिकेटवेड्या शहराचा हा गुण नोंदवून ठेवायला हवा.

देशाच्या संघाची जबाबदारीही १९५० पासून रहीमसाहेबांकडे होती. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक घेतले. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला मात्र युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते आणि तिकडची थंडी, ओले गवत, बुटांचे खिळे यांची त्यांना कल्पना नव्हती. या पराभवानंतर देशातल्या स्पर्धांत बूट सक्तीचे झाले. चार वर्षांनी मेलबर्नला हाच देश ऑलिंपिकमध्ये चौथा आला. यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवताना मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया आडवा आला, पण आता फरक ४-१ चा होता. दहा आणि चार यांतले अंतर चार वर्षांच्या मास्तरकीचे होते. नूर मोहंमद आणि अझीझुद्दीन हे हैदराबादचे खेळाडू हेलसिंकीतही होते आणि मेलबर्नलाही. मेलबर्नच्या संघात त्यांच्याबरोबर अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन असे हैदराबादचे आणखी गडी होते.

आणि तुलसीदास बलराम होता. त्याची हकीकत जरा विस्ताराने सांगावी अशी आहे. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावात १९३६ मध्ये तो जन्मला. घरची गरिबी अशी की खेळायला बूट नाहीत. मोच्याने पोलिसांच्या टाकून दिलेल्या जुन्या बुटांचे कातडे वापरून फुटबॉलचे बूट करून देतो म्हटले आणि दोन रुपये मागितले. ते दोन रुपये आईकडून मिळवायला मुलाला बऱ्याच विनवण्या कराव्या लागल्या. पुढे रहीमसाहेबांनी त्याचा खेळ पाहिला आणि सरावाला शहरात ये म्हणून सांगितले. जायला यायला पैसे नाहीत असे कळल्यावर सायकलीची सोय त्यांनी स्वतःच्या खिशातून केली. वीस वर्षांचा होता होता तो पोरगा ऑलिंपिकला पोचला, आणि ईस्ट बंगालकडून खेळताना कलकत्त्याने त्याला डोक्यावर घेतले. पुढे छातीच्या दुखण्याने त्याला विशी संपायच्या आतच खेळ सोडावा लागला. बलरामचे निधन २०२३ मध्ये झाले. अखेरपर्यंत तो रहीमसाहेबांचे नाव आदराने घेत असे.

आता आम्हाला जे म्हणायचे आहे ते इथे म्हणतो. हैदराबादच्या या संघाची आठवण काढताना आपल्यातले काही जण चटकन म्हणतात, तो आपला संघ. एका अर्थी ते खरे आहे. पराभूत आणि घाबरलेल्या समाजातली मुले देशभर जिंकत होती, त्याचा अभिमान कुणाला नाही वाटणार? पण बलरामचे बूट ज्या कातड्याचे होते ते कातडे पोलिसांचे होते आणि त्याला सायकल देणारा मास्तर मुसलमान होता. यात ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ अशी रेघ ओढायला जागाच सापडत नाही. रहीमसाहेबांनी मुलाची उंची पाहिली, पाय पाहिला, पास पाहिला. जात किंवा दीन त्यांच्या स्पर्धांच्या नियमांत कुठे बसत नव्हता.

याच्या उलट बोलणारेही आहेत. त्यांच्या मते खेळाडूंचा धर्म काढूच नये, ते सगळे भारतीय होते, बस्स. हेही आम्हाला पुरते पटत नाही. १९५० सालच्या हैदराबादेत नूर मोहंमद या नावाच्या शिपायाला मैदानाबाहेर काय सोसावे लागत असेल याचा विचार न करता त्याच्या खेळाचे मोल करता येणार नाही. ज्याच्यासाठी दहा दारे उघडी आहेत त्याने अकरावे दार ठोठावणे वेगळे. ज्याची नऊ दारे एका आठवड्यात बंद झाली त्याने उरलेल्या एका दाराने इतक्या डौलात बाहेर येणे वेगळे. इतिहास लिहिणाऱ्याने या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या पाहिजेत.

मोहमेडन स्पोर्टिंगला स्वातंत्र्यानंतर नावाची किंमत मोजावी लागली. पाकिस्तान झाल्यावर ‘मोहमेडन’ कशाला हवे, असा प्रश्न त्यांना वारंवार विचारला गेला. तरी त्यांनी नाव टिकवले, १९५६ मध्ये रोव्हर्सही जिंकला, आणि त्यांच्या संघात हिंदू खेळाडूही येत गेले. हैदराबादच्या संघाला हा प्रश्न कुणी विचारला नाही. पोलिसांच्या नावाने खेळण्याचे हे सुख होते. मात्र त्याच नावामुळे त्या संघाला समाजाचा आधारही लाभला नाही. मोहमेडनच्या मागे कलकत्त्यातला गल्लीतला माणूस उभा राहिला आणि क्लब वाईट दिवसांतूनही तगला. पोलिसांचा संघ खात्याच्या मर्जीवर होता. खाते म्हणेल तोवर संघ.

उतरण कशी लागली, ते थोडक्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, कानडी जिल्हे म्हैसूरला गेले, तेलंगण आंध्र प्रदेशात. मराठवाड्याच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट होती. आपल्या भाषेच्या राज्यात येणे झाले. पण राजधानीच्या मैदानाशी असलेला धागा त्या दिवशी तुटला. १९५९ मध्ये हैदराबादची आणि आंध्रची फुटबॉल असोसिएशन एकत्र झाली. दोन घरे एकत्र आली की चूल कुणी पेटवायची यावरून जे होते तेच झाले. स्थानिक लीग विस्कळीत होऊ लागली, खुर्च्यांची भांडणे वाढली. इतक्यात कलकत्त्याच्या क्लबांचे माणूस-शोधे हैदराबादला चकरा मारू लागले होते. पोलीस शिपायाच्या पगारापुढे कलकत्त्याची ‘देणगी’ कितीतरी मोठी. बलराम १९५७ मध्ये गेला, अहमद हुसेन गेला, मागून इतर गेले. त्यांना दोष देता येत नाही. आमच्या गावचा पोरगा कुवेतला जातो तेव्हा आपण त्याला दोष देतो का?

खरी हानी दिसत नव्हती, कारण संघ अजूनही जिंकत होता. आंध्र प्रदेश पोलीस या नव्या नावाने १९६० मध्ये रोव्हर्स, १९६१ मध्ये ड्युरँड. पण चषक हे आधीच्या दहा वर्षांचे पीक असते. खाली मुलांच्या स्पर्धा कमी झाल्या होत्या. कमजोर पायाने मारायची स्पर्धा, चार फूट दहा इंचांची स्पर्धा: हे सगळे एका माणसाच्या डोक्यात आणि त्याच्या वह्यांत होते. असोसिएशनने त्याची व्यवस्था केली नाही. त्याच्याइतका जीव ओतणारा दुसरा मास्तर तयार केला नाही. हा दोष निव्वळ हैदराबादचा नाही. आपल्या संस्था एका माणसाच्या खांद्यावर चालतात आणि त्या माणसाबरोबर बसतात, हे आपण आपापल्या गावच्या जमातीत आणि शाळांतही पाहिले आहे.

१९६२ मध्ये रहीमसाहेब भारतीय संघ घेऊन जकार्ताला गेले तेव्हा कर्करोगाने त्यांना पोखरले होते. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिले नव्हते. त्यावर भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी टीका केली म्हणून तिथले लोक भारतावर चिडले होते. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात एक लाखाच्या आसपास प्रेक्षक भारताच्या विरुद्ध ओरडत होते. समोर दक्षिण कोरिया. बॅक म्हणून खेळणाऱ्या जरनैल सिंगच्या डोक्याला आधीच्या सामन्यात टाके पडले होते; रहीमसाहेबांनी त्याला पुढच्या फळीत सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवले. त्याने एक गोल केला, एक पी. के. बॅनर्जीने, आणि भारत २-१ ने जिंकला. त्या संघात बलराम होता, हैदराबादचे युसूफ खान आणि अफझल होते, कूपरेजवर टाटांकडून खेळणारा गोव्याचा फोर्तुनातो फ्रँको होता. आशियाई फुटबॉलमध्ये त्यानंतर भारताला सुवर्णपदक मिळालेले नाही.

२०२४ मध्ये ‘मैदान’ या हिंदी चित्रपटाने रहीमसाहेबांचे नाव नव्या पिढीपर्यंत नेले. चित्रपटाचा भर साहजिकच जकार्तावर आहे. पण जकार्ताची पेरणी पोलिसांच्या कवायतीच्या मैदानावर झाली होती, आणि ती पडद्यावर दाखवायला अवघड आहे. सकाळी सकाळी डाव्या पायाने पुन्हा पुन्हा चेंडू मारणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलात नाट्य ते किती असणार? रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हेही १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात निवडले गेले होते. वडिलांच्या कामाबद्दल ते आयुष्यभर सांगत राहिले. २०२१ मध्ये गुलबर्ग्यात त्यांचे निधन झाले.

रहीमसाहेब ११ जून १९६३ ला गेले. वय त्रेपन्न. त्याच वर्षी आंध्र पोलीस मुंबईत आले आणि त्यांनी रोव्हर्स चषक जिंकला. तो धरून या संघाच्या नावावर रोव्हर्सचे एकूण ९ विजय लागतात. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल सोडले तर इतके कुणाचे नाहीत. १९६३ नंतर तो चषक पोलिसांकडे पुन्हा गेला नाही. २०००-०१ च्या हंगामानंतर रोव्हर्स स्पर्धाही भरली नाही.